गोरा म्हणजे नक्की कोण? अमेरिकी नागरिकत्वाचं शंभर वर्षांचं भांडण

२०२५च्या जानेवारीत आमच्या मावशीच्या घरी दुसरा विषयच नव्हता. तिची सून न्यू जर्सीत, सातवा महिना सरत आलेला, नवरा-बायको दोघंही नोकरीसाठीच्या तात्पुरत्या एच-वन-बी व्हिसावर. २० जानेवारीला ट्रम्प यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी एका आदेशावर सही केली. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक (कायम राहायची परवानगी असलेले) नसतील, तर अशा जोडप्याचं बाळ यापुढे अमेरिकेत जन्मलं तरी अमेरिकी नागरिक मानायचं नाही, असा तो आदेश. अंमल महिनाभराने. बाळ येणार एप्रिलमध्ये.

मावशीचा प्रश्न साधा होता. "पोर तिथल्या हॉस्पिटलात जन्मणार, दाखला तिथलं सरकार देणार, मग ते तिथलं नाही तर कुठलं रे?"

आदेश लगोलग कोर्टात अडकला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पण मावशीच्या प्रश्नाचं उत्तर फक्त आजच्या बातम्यांत मिळत नाही. त्यासाठी दोनशे तीस वर्षं मागे जावं लागतं, आणि वाटेत आपलीच माणसं भेटतात.

नागरिक होण्याचे दोन रस्ते

अमेरिकेचं नागरिकत्व मुख्यतः दोन वाटांनी मिळतं. एक, तिथे जन्म झाला म्हणून. दोन, बाहेरून येऊन, काही वर्षं राहून, अर्ज करून. या दुसऱ्या वाटेला 'नॅचरलायझेशन' म्हणतात. आपण त्याला अर्जाचं नागरिकत्व म्हणू.

आज भांडण पहिल्या वाटेवरून आहे. आधीची जवळजवळ शंभर वर्षं ते दुसऱ्या वाटेवरून होतं, आणि दोन्ही भांडणांचं मूळ एकच.

देश नवाकोरा असताना, १७९० साली, अमेरिकी संसदेने अर्जाच्या नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. अट घातली, अर्जदार 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असावी. स्वतंत्र म्हणजे गुलाम किंवा वेठीने बांधलेला नसलेला. गोरी म्हणजे काय, हे मात्र लिहिलं नाही. गरजच वाटली नसावी. ज्यांनी कायदा केला त्यांना आपण गोरे आहोत हे आरशात बघूनही कळत होतं.

तीन शब्दांनी केलेला घोळ

जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचं काय? १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो की स्वतंत्र, अमेरिकी नागरिक होऊच शकत नाही. पुढे चार वर्षांत यादवी पेटली. ती संपल्यावर, १८६८ साली, राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती आली: अमेरिकेत जन्मलेला आणि 'तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेला' प्रत्येक जण नागरिक. हे अवतरणातले शब्द लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहेत.

मग १८७०. मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर म्हणाले, अर्जाच्या कायद्यातून 'गोरा' हा शब्दच काढून टाकू. सरळ सूचना होती. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतिनिधींच्या पोटात गोळा आला, कारण तिकडे चिनी मजूर मोठ्या संख्येने आले होते. शब्द काढला तर चिनी नागरिक होणार. शेवटी मधला मार्ग निघाला. 'गोरा' तसाच ठेवला आणि शेजारी आफ्रिकी वंशाच्या लोकांना जागा दिली.

परिणाम बघा. कायद्याच्या घराला आता दोन दारं होती, एक गोऱ्यांचं, एक आफ्रिकी वंशाच्यांचं. चिनी, जपानी, हिंदुस्थानी कुठल्या दाराने जाणार? १८८२ साली चिन्यांसाठी तर वेगळा कायदा करून दोन्ही दारांना कुलूप लावलं. बाकीच्यांनी पहिलं दार ठोठावायला सुरुवात केली.

बाही वर करा

आता न्यायाधीशांची पंचाईत. समोर उभा माणूस गोरा आहे की नाही, हे ठरवायचं कसं? आपल्याकडे जात पडताळणी समितीला निदान जुने दाखले, शाळेची नोंद, वंशावळ तरी मागता येते. इथे काहीच नव्हतं. कुणी कातडीचा रंग बघे, कुणी मानववंशशास्त्राची पुस्तकं, कुणी नकाशा.

जॉर्जियातल्या सव्हाना शहरात अब्दुल डोला नावाचे कलकत्त्याकडचे व्यापारी राहत. घराणं मूळ अफगाणिस्तानातलं. त्यांनी अर्ज केला तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना भर कोर्टात कोटाची आणि सदऱ्याची बाही वर करायला लावली. ऊन न लागलेल्या भागाची कातडी हातापेक्षा उजळ होती आणि आतल्या निळ्या शिरा दिसत होत्या. शिवाय गोऱ्यांच्या दफनभूमीत त्यांनी जागा विकत घेतलेली होती. झालं, माणूस गोरा ठरला! १९१० साली वरच्या कोर्टानेही त्यात ढवळाढवळ केली नाही. मेल्यावर कुठे पुरणार हा जिवंतपणीच्या नागरिकत्वाचा पुरावा झाला, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये भिकाजी बलसारा हे मुंबईचे पारशी गृहस्थ गोरे ठरले. दुसरीकडे पेनसिल्व्हेनियात एका पंजाबी अर्जदाराला नकार मिळाला. सीरियन, आर्मेनियन यांचेही असेच खटले. आज हो, उद्या नाही. या गावात हो, त्या गावात नाही.

जपानी माणसाला एक उत्तर, हिंदुस्थानी माणसाला दुसरं

या गोंधळाचा निकाल शेवटी सर्वोच्च न्यायालयात लागला, तीन महिन्यांच्या अंतराने आलेल्या दोन निकालांत. सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे.

पहिले ताकाओ ओझावा. जपानमध्ये जन्म, तरुणपणी अमेरिकेत आले, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत शिकले, घरात इंग्रजी बोलत, मुलांना अमेरिकी चर्चमध्ये पाठवत. त्यांचं एक म्हणणं असं, की माझी कातडी अनेक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की कातडीच्या रंगावर जाऊ नका, रंग एकाच वंशातही कमीजास्त असतो. गोरा म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा, आणि जपानी तो नव्हे.

कॉकेशियन हा त्या काळच्या शास्त्रज्ञांचा शब्द. माणसांचे त्यांनी जे मोठे कप्पे केले होते, त्यातला एक. गंमत अशी की त्यांच्याच पुस्तकांप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातले लोकही त्याच कप्प्यात येत.

मग आले भगतसिंग थिंद. अमृतसर जिल्ह्यातले शीख, १९१३ साली अमेरिकेत उतरले. (त्याच वर्षीच्या जुलैत बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले होते.) थिंद यांनी ऑरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत काम केलं. १९१८ साली पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि पगडी घालूनच चाकरी केली. त्याच डिसेंबरमध्ये अंगावर गणवेश असताना त्यांना नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं गेलं. कारण एकच, हा माणूस गोरा नाही. १९२० साली ऑरेगॉनच्या न्यायाधीशांनी ते पुन्हा दिलं. सरकार वर गेलं.

थिंद यांच्या वकिलांना वाटलं असणार की आता काम सोपं आहे. न्यायालयानेच परवा सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन. शास्त्र सांगतं, थिंद कॉकेशियन. म्हणजे थिंद गोरे.

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी निकाल आला. पुन्हा एकमताने, आणि लिहिणारे न्यायमूर्तीही तेच, जॉर्ज सदरलँड, जे स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून लहानपणी अमेरिकेत आले होते. त्यांनी सांगितलं की शास्त्रज्ञांचे कप्पे सोडा, कायद्यातले शब्द सामान्य माणसाच्या बोलण्यातले आहेत. आणि सामान्य माणूस हिंदुस्थानी माणसाला गोरा म्हणत नाही.

ठाण्या-पुण्यात भाड्याने घर शोधलेल्यांना हा अनुभव नवा नाही. आधी सांगतात, फक्त कुटुंबाला देतो. तुम्ही कुटुंब घेऊन जाता. मग कळतं, फक्त शाकाहारी हवेत. तुम्ही शाकाहारी निघता. मग म्हणतात, सोसायटीचं तसं ठरलंय. घर तुम्हाला द्यायचं नाही हे पहिल्या फोनवर आडनाव ऐकतानाच ठरलेलं असतं. नियम मागाहून शोधला जातो. ओझावांना शास्त्र दाखवलं, थिंदना लोकभावना.

पण न्यायालयाने कायदाच लावला ना?

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. १७९० च्या माणसांनी 'गोरा' लिहिताना पंजाबी शेतकरी डोळ्यांसमोर ठेवला नव्हता, हे खरं. पण तसा त्यांनी इटालियन किंवा स्लाव्ह मजूरही ठेवला नव्हता. सदरलँड यांनी निकालातच म्हटलं की ते पुढे आले आणि मिसळून गेले. म्हणजे एकाच शब्दाची वेस एका गावासाठी उघडली आणि दुसऱ्यासाठी मिटली. कायदा लावला हे खरं, पण तो कुणाला लावायचा हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

आसपासचं वारंही बघायला हवं. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने लाकूड गिरण्यांतल्या हिंदुस्थानी मजुरांना झोपड्यांतून ओढून गावाबाहेर हाकललं. बहुतेक शीख, पण वर्तमानपत्रं सगळ्यांना 'हिंदू'च म्हणत. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणं बंद झालं. न्यायमूर्तींच्या त्या 'सामान्य माणसा'चं मत असं घडत होतं.

थिंद यांची बाजू वाचताना अंगावर येणारा काटा

इथे आपल्याच पायाखालचं बघायला हवं. थिंद यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद 'सगळी माणसं सारखी' असा नव्हता. तो होता, 'मी उच्च जातीचा आर्य आहे'. लेखी म्हणण्यात असंही होतं की सोयरिकीच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू हिंदुस्थानातल्या मूळनिवासींकडे तसाच बघतो, जसा अमेरिकी माणूस काळ्यांकडे बघतो. म्हणजे भिंत पाडा असं म्हणणं नव्हतंच. मला भिंतीच्या आतल्या बाजूला घ्या, असं होतं. आणि पुरावा काय, तर माझ्या घरीही अशीच भिंत आहे!

त्यांची अडचण समजते. कायद्याने दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. अशा बहुतेक खटल्यांत अर्जदार 'आम्ही गोरे' असंच सांगत होते. 'आफ्रिकी वंशाचे' म्हणून दुसऱ्या दाराने जायची जवळजवळ कुणाची तयारी नव्हती. तरी मराठी वाचकाला इथे जोतीराव फुले आठवल्याशिवाय राहत नाहीत. पन्नास वर्षं आधी, १८७३ साली, त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं होतं. तोच देश, तेच वर्णाचं कोडं. फुल्यांनी त्यात शूद्र आणि गुलाम यांचं नातं पाहिलं, थिंद यांच्या वकिलांनी ब्राह्मण आणि गोऱ्याचं.

निकालानंतर काय झालं

एका माणसाचं नागरिकत्व जाऊन प्रकरण थांबलं नाही. ज्यांना आधी मिळालं होतं, त्यांच्याकडे सरकार वळलं. आपल्याकडे सातबारावर रीतसर फेरफार होऊन नाव लागावं, दहा वर्षं जमीन कसावी, आणि मग तलाठ्याने येऊन सांगावं की ती नोंदच चुकीची होती, तसं. पन्नासहून अधिक हिंदुस्थानी लोकांचं नागरिकत्व असं मागाहून काढलं गेलं.

नागरिकत्व म्हणजे नुसता पासपोर्ट नव्हे, हे तेव्हा कळलं. कॅलिफोर्नियात १९१३ पासून कायदा होता की जे नागरिक होण्यास पात्रच नाहीत, त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. कायद्यात कुठेही 'जपानी' किंवा 'हिंदू' असा शब्द नाही, नुसतं 'अपात्र परदेशी'. थिंद निकालाने हिंदुस्थानी अपात्र ठरले, आणि जमीन पायाखालून सरकली. मग लोकांनी आपल्याला चांगली ठाऊक असलेली वाट धरली: बेनामी. इम्पीरियल खोऱ्यातल्या पंजाबी शेतकऱ्यांनी ओळखीच्या गोऱ्यांच्या नावाने जमिनी धरल्या, पुढे मेक्सिकन बायकांपासून झालेल्या, तिथेच जन्मलेल्या मुलांच्या नावाने.

बायकांची गत आणखी वाईट. १९२२ च्या कायद्याप्रमाणे अपात्र परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं स्वतःचं नागरिकत्व जाई.

सगळ्यात जीव हलवणारी कहाणी वैष्णो दास बगई यांची. पेशावरचे सधन कुटुंब. १९१५ साली बायको कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. ते परत फिरले. पुढे दुकान थाटलं, १९२१ साली नागरिक झाले आणि ब्रिटिश प्रजाजन हे नातं सोडलं. थिंद निकालानंतर सगळं गेलं. हिंदुस्थानात जाऊन नातेवाइकांना भेटावं म्हटलं तर अमेरिकी पासपोर्ट मिळेना. सांगण्यात आलं, ब्रिटिश पासपोर्ट घ्या. जे राज्य सोडलं त्याच्याच दारात परत जा! मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की इकडे अडथळे, तिकडे नाकाबंदी, आणि मागचे पूल जळालेले. ते पत्र सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात छापून आलं. ज्या बर्कलीने त्यांना दार उघडलं नाही, तिथल्या एका रस्त्याला आता कला बगई यांचं नाव आहे.

पंडित वकील आणि हुकलेली मुदत

सखाराम गणेश पंडित. नाव वाचताच मराठी कान टवकारतात. हे गृहस्थ १९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये नागरिक झाले, १९१७ मध्ये कॅलिफोर्नियात वकिलीची सनद मिळवली आणि थिंद यांच्या वकिलांमध्ये होते. अशिलाचा खटला हरला आणि वर्ष संपायच्या आत सरकारने खुद्द वकिलावरच दावा लावला. हरले असते तर नागरिकत्व, सनद, आणि गोऱ्या बायकोचं नागरिकत्वही धोक्यात.

पंडितांनी 'मी गोरा' हा पत्ता खेळलाच नाही. तो चालत नाही हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. ते म्हणाले, १९१४ साली हाच प्रश्न याच सरकारसमोर आला, दोन्ही बाजू ऐकून कोर्टाने निकाल दिला, सरकारने अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी संसार उभा केला. आता इतक्या वर्षांनी तोच वाद उकरता येणार नाही. थोडक्यात, अपिलाची मुदत गेली, विषय संपला. १९२६ साली वरच्या कोर्टाने त्यांची बाजू मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, आणि सरकारने उरलेले दावे आवरते घेतले. वंशाचा एवढा मोठा वाद शेवटी तालुका कोर्टातल्या कुठल्याही वकिलाला समजेल अशा मुद्द्यावर अडला.

थिंद यांना माजी सैनिकांसाठीच्या १९३५ च्या कायद्यामुळे पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळालं, ते मात्र टिकलं. बाकी हिंदुस्थानींसाठी दार १९४६ साली किलकिलं झालं: अर्जाची मुभा आणि वर्षाला शंभर जणांचा कोटा. अख्ख्या देशाला शंभर! वंशाची अट १९५२ साली गेली, देशांचे कोटे १९६५ च्या कायद्याने. इम्पीरियल खोऱ्यात शेती करणारे, बर्कलीचे गणितातले डॉक्टरेट दलीपसिंग सौंद १९४९ साली नागरिक झाले आणि १९५६ साली संसदेवर निवडून आले. आज तिथे मिशिगनहून निवडून गेलेले, बेळगावकडचे श्री ठाणेदार बसतात. मुंबई-पुण्याचे जे डॉक्टर-इंजिनिअर सत्तरच्या दशकात गेले, ते १९६५ च्या दारातून गेले. आपल्या हुशारीवर गेलो असं त्यांच्यातले काही सांगतात. हुशार माणसं १९२५ सालीही होतीच.

मग मावशीच्या नातवंडाचं काय?

जन्माच्या वाटेकडे परत येऊ. अर्जाची वाट आशियाई लोकांना बंद असताना ही वाट उघडी होती, आणि ती उघडी ठेवली एका स्वयंपाक्याने. वाँग किम आर्क, सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले, आईवडील चिनी. १८९५ साली चीनहून परतताना त्यांना बंदरातच अडवलं. १८९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की आईबाप नागरिक होऊ शकत नसले तरी इथे जन्मलेलं मूल नागरिकच. इम्पीरियल खोऱ्यातल्या पंजाबी बापांना मुलांच्या नावावर जमीन घेता आली ती याच आधारावर. अर्थात, खटला जिंकूनही १९०१ साली टेक्सासमध्ये वाँग यांना पुन्हा अटक झाली आणि आपण तेच ते, हे पुन्हा सिद्ध करावं लागलं.

प्रत्येक देशाला आपले नागरिक कोण हे ठरवायचा हक्क आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. भारतानेही १९८७ नंतर केवळ जन्मावर नागरिकत्व देणं बंद केलं. फरक असा की भारताने ते संसदेत कायदा बदलून केलं. अमेरिकेत ही गोष्ट घटनेत आहे, आणि घटना बदलणं महाकठीण. म्हणून ट्रम्प सरकारने अर्थ बदलण्याचा रस्ता धरला. घटनेतल्या 'अधिकारक्षेत्राखाली' या शब्दांत आजवर मुख्यतः परदेशी वकिलातीतल्या लोकांची मुलं, चाल करून आलेल्या शत्रूसैन्याची मुलं, आणि १९२४ पर्यंत आदिवासी जमातींतली मुलं बसत नव्हती. सरकार म्हणतं, तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांची मुलंही बसत नाहीत, कारण वाँग यांचे आईवडील कायमचे राहायला आलेले होते. विरोधक म्हणतात, व्हिसावरच्या माणसाला तिथली पोलीस पकडते, तिथलं आयकर खातं कर लावतं, मग तो अधिकारक्षेत्राबाहेर कसा?

मी मावशीला हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे आता गोरा नाही विचारत, कायमचा आहेस का विचारतात?"

ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना किती वर्षं लागतात हे तिला सुनेकडून ठाऊक आहे. एप्रिलमध्ये नात झाली. आदेश तोवर कोर्टानेच रोखून धरलेला. आठव्या दिवशी, बारशाच्याही आधी, मावशीच्या मुलाने नातीच्या पासपोर्टचा अर्ज भरला. फोटो काढायला बाळ डोळेच उघडेना, म्हणून चार वेळा काढावा लागला.